पान एकोणीस

ही गोष्ट सांगायचं मी चाळीस वर्षं टाळलं, कारण तिच्यातला साबण मी ओतला होता.

ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरी गावात राहायचो. दिवाळीला पंधरा माणसं जेवायला येणार होती आणि घरात नवाकोरा डिशवॉशर आला होता. माझी बायको सुधा म्हणाली, "अहो, त्याची पावडर आणायची राहिलीय. हातानं घासू."

"मला शिकवू नकोस, मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे!" असं म्हणून मी सिंकवरचा हिरवा पातळ साबण आत ओतला. (अर्धी बाटली. इंजिनिअर सढळ हाताचा होता.)

दहा मिनिटांत फेस बाहेर आला, वीस मिनिटांत घोट्यापर्यंत चढला, आणि बेल वाजली तेव्हा चकल्यांचा डबा हॉलकडे निघाला होता!

"वसंतराव, बर्फ घरातच पाडलंत की!" माझा मित्र प्रभाकर दारातूनच ओरडला.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "मेधानं साबण ओतला. तिचं तुम्हाला माहीतच आहे."

मेधा आमची मुलगी. पंधरा वर्षांची, ऑटिस्टिक. (हा शब्द डॉक्टरांनी आम्हाला सांगितला होता. आम्ही तो कोणालाच सांगितला नव्हता.)

"नो, बाबा. यू डिड," मेधा म्हणाली.

"असू दे गं बाळा," म्हणत प्रभाकरच्या बायकोनं, शालिनीकाकूंनी, तिच्या हातातली ताटं काढून घेतली. ताटं मांडणं हे मेधाचं सर्वांत आवडतं काम. त्यानंतर कोणाच्याही घरी गेलो की तिला किचनबाहेर बसवायचे.

त्याच हिवाळ्यात मेधानं कादंबरी लिहिली. त्यात गोष्ट सांगणारी मुलगी मेधासारखीच, सगळं घड्याळ बघून नोंदवणारी. वही माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "टाइप करा. एग्झॅक्टली, बाबा."

अठरा पानं मी एग्झॅक्टली टाइप केली. एकोणिसाव्या पानावर 'पाच बेचाळीसला बाबांनी साबण ओतला' असं होतं. तिथे मी 'बाबांनी'च्या जागी 'मी' टाइप केलं. एवढंच!

संक्रांतीला सगळी मंडळी पुन्हा आमच्याकडे जमली. तिळगूळ झाल्यावर मीच ऐटीत म्हणालो, "मेधा, वाच!" (बाप लेखिकेचा होता ना.) ती छान वाचत होती. एकोणिसाव्या पानावर थांबली.

"धिस इज राँग."

तिनं पिशवीतून मूळ वही काढली आणि खरं पान वाचलं. वेळेसकट, बाटलीसकट, 'मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे' हे हुबेहूब माझ्या आवाजात!

प्रभाकर हसता हसता सोफ्यावरून घसरला. मी ओरडलो, "मशीनही थोडं सदोष होतं!" मग उरलेलेही घसरले.

शालिनीकाकू मात्र हसल्या नाहीत. उठल्या आणि म्हणाल्या, "मेधा, चल गं, ताटं मांडू. चुकलं माझं."

काकूंना जमलं. माझ्यापुढे मेधानं ते पान धरलं. "विल यू फिक्स इट?"

"उद्या करतो," मी म्हणालो.

मेधा आता पन्नाशी ओलांडून गेली, लायब्ररीत नोकरी करते. तिच्या फाइलमध्ये अठरा आणि वीसच्या मध्ये अजून कोरा कागद आहे. गेल्या महिन्यात मी पान एकोणीस टाइप केलं. साबण बाबांनी ओतला, खोटं बाबा बोलले, बाबांना माफ कर. पाकीट टेबलावरच पडलंय. पाठवता येत नाही, कारण शेवटी कंसात मी पुन्हा लिहून ठेवलंय: मशीनही थोडं सदोष होतं.