जुना माल मालकाचा

रोज सकाळी सातच्या सुमारास मी गाडीपुढे गुडघे टेकून, कपाळ जवळजवळ जमिनीला लावून वाकलेला असतो. आमच्या गल्लीला आता याची सवय झाली आहे. नवीन भाडेकरू आले की मात्र त्यांना वाटतं, वकील गाडीला दंडवत घालतात. मी गाडीखाली आदल्या संध्याकाळी सरकवलेला पुठ्ठा ओढून काढत असतो. त्या दिवशीही तसाच वाकलो होतो, पुठ्ठा अर्धा बाहेर आला होता, आणि खिशातला फोन वाजला. त्या अवस्थेत फोन काढणं माझ्या पोटाला झेपत नाही. फोन थांबला, पुन्हा वाजला. रेहाना होती, माझी गाडी सांभाळणाऱ्या मेकॅनिकची, कासमभाईंची मुलगी. "काका, अब्बा गेले... आत्ताच." मी काय बोललो ते आठवत नाही. एवढं आठवतं की हातातल्या पुठ्ठ्यावर रुपयाएवढा तांबूस डाग होता, आणि मनात आलं, हा आता दाखवायचा कुणाला? माणूस गेल्याचं कळल्यावर पहिला विचार तेलाच्या डागाचा यावा याची तेव्हा फार लाज वाटली. आज सहा आठवड्यांनी वाटतं, कासमभाईंना तो विचार आवडला असता.

ही गाडी माझ्याकडे आली ती निव्वळ हावरटपणामुळे. मुंबईतले एक ओळखीचे डॉक्टर त्यांची चौदा वर्षांची जर्मन सेडान काढत होते. चांदीचा रंग, चामड्याच्या सीटा, आत लाकडाची नक्षी. महाडच्या कोर्टाच्या आवारात ती उभी राहिली की अशील आपोआप वाकून नमस्कार करतील, असं चित्र मी रंगवलं होतं. ज्या वयात माणसं गुडघे बदलून घेतात त्या वयात मी गाडी घेतली, तीही गुडघे गेलेली. सुमन, म्हणजे आमची सौभाग्यवती, गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "अहो, ही काही मिळवून आणणार आहे, की आपणच पोसायची?" मी तिच्या अरसिकपणावर हसलो. तिसऱ्याच रविवारी गाडी घेऊन माझ्या गावी, कापड्याला निघालो. पोलादपूर सोडलं आणि तापमानाचा काटा लाल रेघेवर जाऊन बसला. मला वाटलं, मोठ्या गाड्यांचे काटे असेच ऐटीत बसत असतील. मग बॉनेटमधून वाफ यायला लागली. शेजारी ओहोळ वाहत होता. मी बाटल्या भरभरून त्याचं गार पाणी टाकीत ओतलं, तापल्या तव्यावर मारावं तसं, आणि टाकी 'टक्' करून उभी चिरली. मागून आलेल्या टेम्पोवाल्याने गाडीकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "साहेब, ही उघडनारा आपल्याकडं एकच मानूस हाय. बिरवाडीला. मस्कतवाला." दोराला बांधून त्यानेच आम्हाला तिथवर नेलं. पोलादपूरच्या नाक्यावर ओळखीचे तीन पक्षकार उभे होते. तिघांनीही नमस्कार केला, त्यामुळे चित्र अगदीच खोटं ठरलं असं म्हणता येणार नाही.

कासमभाई अठरा वर्षं मस्कतमधल्या मोठ्या वर्कशॉपमध्ये होते. आई अंथरुणाला खिळली म्हणून परत आले ते आलेच. बिरवाडीत रस्त्याकडेला पत्र्याची शेड टाकून ते कारखान्यातल्या कामगारांच्या मोटरसायकली आणि टेम्पो दुरुस्त करत. सडपातळ, पांढरी दाढी, इस्त्रीचा सदरा, खांद्यावर धुतलेलं फडकं. त्यांनी बॉनेट उघडलं नाही. आधी त्यावर तळवा ठेवला, ताप बघतात तसा.

"पानी कुठला टाकलात?"

"ओहोळाचं."

"गार?"

"एकदम गार!" मी अभिमानाने म्हणालो.

"तापातल्या मानसाला तुमी विहिरीत ढकलता काय, वकीलसाहेब?" मागच्या सीटवर माझा काळा कोट लटकत होता, त्यावरून त्यांनी ओळखलं असणार. मग बॉनेट उघडलं आणि ते बराच वेळ नुसतेच आत बघत राहिले. पुढे कधीतरी मला म्हणाले, "मस्कतहून आल्यापासून असा इंजिन बघितलाच नव्हता. वाटला, हात विसरले असतील."

त्यांचे नियम तीन. पहिला, दर मुक्कामाला गाडीखाली पुठ्ठा सरकवायचा, सकाळी काढायचा, त्यावर तारीख घालायची आणि दर महिन्याला गठ्ठा बिरवाडीला आणायचा. डॉक्टर रिपोर्ट चाळतात तसे ते पुठ्ठे चाळत. काळपट डाग इंजिन ऑइलचा, तांबूस स्टेअरिंगच्या तेलाचा, हिरवट चिकट इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटचा. नुसतं पाणी असलं तर एसीचं. "तो गाडीचा घाम हाय, त्याला घाबरायचा नाय." एकदा मी एक पिवळट डाग घेऊन कोर्टातून परस्पर, घाबराघुबरा पोचलो. त्यांनी पुठ्ठा नाकाशी नेला आणि शांतपणे परत दिला. "ही मांजर हाय."

दुसरा नियम, जुना माल मालकाचा. गाडीतून काढलेला प्रत्येक भाग ते वर्तमानपत्रात गुंडाळून, वर नाव घालून परत देत. फाटलेले रबरी बुश, झिजलेले ब्रेक पॅड, गळका पाण्याचा पंप, खिडकीची काच दारात कोसळली तेव्हाची तुटकी यंत्रणा. काय काढलं आणि का काढलं हे मालकाने डोळ्यांनी बघितलंच पाहिजे. आमच्या माळ्यावर या गाडीच्या सुट्या भागांची दोन खोकी आहेत. सुमन म्हणते, अजून एक खोकं भरलं की दुसरी गाडी उभी राहील.

आणि तिसरा नियम, "डॉक्टरला, वकिलाला नि मेकॅनिकला खोटा सांगायचा नाय." यातला मधला भाग मी स्वतः तीस वर्षं अशिलांना ऐकवत आलो आहे, त्यामुळे मी जोरात मान हलवली.

गाडी चालवायला मला येत होती, गाडी ठेवायला त्यांनी शिकवलं. कंपनीचं पुस्तक काढून ऑइल बदलायला अजून वेळ आहे असा युक्तिवाद केला की म्हणत, "पुस्तक जर्मनीतल्या रस्त्याचा हाय. तुमचा रस्ता पोलादपूरचा." टायर दिसायला नवे असले तरी त्यांच्या कडेवर छापलेलं बनावटीचं साल वाचायला त्यांनी मला पालथं पाडलं. कुठून खडखड आली की एसी बंद, रेडिओ बंद, काचा खाली करून आम्ही दोघं कापड्याच्या रस्त्याला लागायचो. अट एकच, मी बोलायचं नाही. दोन मैलांत माझा धीर सुटायचा आणि मी एखाद्या खटल्याची गोष्ट सुरू करायचो. ते हात वर करायचे. "वकीलसाहेब, तुमचा आवाज बंद झाला की गाडीचा येतो." भाताच्या खाचरांमधून जाणारा तो रस्ता मी लहानपणापासून तुडवला, पण त्या रस्त्यावर गप्प बसलो तो पहिल्यांदा कासमभाईंच्या शेजारी. माझ्या बायकोला विचारा, घरीही थोडा फरक पडला.

आता ती गोष्ट, जी सांगणं मी चार वर्षं टाळलं.

सावित्री नदी फुगायला लागली की महाडकर काय करतो हे महाडकराला सांगावं लागत नाही. दुकानदार माल वरच्या मजल्यावर चढवतात, आणि गाड्या हायवेच्या बाजूला उंचावर नेऊन लावतात. त्या दुपारी कासमभाईंचा फोन आला. "साहेब, गाडी वर काढा." मी खिडकीतून बघितलं. पाणी गल्लीच्या तोंडाशी होतं. आमच्या समोरच्या घराची तिसरी पायरी पाण्याने कधी ओलांडलेली नव्हती, हे मला वडिलांपासून माहीत. वकिलाला पूर्वीचा दाखला सापडला की त्याची अक्कल तिथेच थांबते. मी म्हणालो, "कासमभाई, आजवर तिसऱ्या पायरीच्या वर आलेलं नाही." ते म्हणाले, "पान्याला तुमचा दाखला कोन दाखवनार?" मी हसलो आणि चहा मागवला. संध्याकाळपर्यंत पाचवी पायरी गेली होती आणि माझी गाडी उतारावर नाक खाली करून बॉनेट बुडेपर्यंत पाण्यात उभी होती.

दोन दिवसांनी पाणी उतरलं. गाडीत चिखल, नक्षीदार लाकडावर गाळाची रेघ. कासमभाईंनी आधीच फोन करून बजावलं होतं, "मी येईपर्यंत चावी लावायची नाय. आत पानी असेल." आणि मी... काय सांगू. बॅटरी मागे डिकीत, म्हणजे उताराच्या वरच्या अंगाला, कोरडी. मनात आलं, एकदाच बघावं, जिवंत आहे का. चावी फिरवली. इंजिन दोन क्षण घरघरलं, मग आतून 'खाट्' असा आवाज आला. मोडणाऱ्या हाडाचा आवाज मी कधी ऐकलेला नाही, पण तो तसाच असणार. मग सगळं शांत झालं.

कासमभाई तासाभराने चिखल तुडवत आले.

"चावी लावलीत?"

"छे! हात नाही लावला."

"एकदा पन?"

"कासमभाई, तुम्ही सांगितल्यावर मी लावीन का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. उलटतपासणीत मी अनेकांकडे असंच बघितलं आहे, त्यामुळे ती नजर मला चांगली ठाऊक होती. ते फक्त म्हणाले, "बरा. मग बघू."

दोन महिने गाडी बिरवाडीला होती. सगळी बिरवाडी स्वतःचा गाळ उपसत होती, कामगारांच्या मोटरसायकली शेडबाहेर रांगेने उभ्या होत्या. पोटापाण्याची ती कामं आधी, आणि मग दुपार उतरली की माझी गाडी. गालिच्याखालचा वायरींचा पसारा त्यांनी एकेक तार पुसून वाळवला, त्यासाठी सुमनचं केस वाळवायचं यंत्र नेलं. ते परत आलं तेव्हा त्याला ग्रीसचा वास होता. सुमनने ते तसंच जपून ठेवलं, वापरलं मात्र नाही. गाडी सुरू झाली त्या दिवशी कासमभाईंनी जुना माल बांधून दिला. एअर फिल्टर होता, स्टार्टर होता, कुजलेला गालिचा होता. इंजिनाच्या आतलं काहीच नव्हतं. "आतला थोडा काम निघाला," एवढंच ते म्हणाले. एरवी एकेक नटबोल्ट मोजून घेणारा मी, 'आतला जुना माल कुठाय?' असं काही विचारलं नाही. गठ्ठा उचलला आणि निघालो.

त्यानंतर कितीदा तरी सांगायचं ठरवलं. कापड्याच्या रस्त्यावर दोघंच असायचो, रेडिओ बंद, काचा खाली. मी घसा खाकरायचो, ते हात वर करायचे, की गप्प बसा, आवाज ऐकू द्या. मला पळवाट मिळायची. शेवटची भेट त्यांच्या घरी झाली. मूत्रपिंडं थकली होती, उठवत नव्हतं. मी हातात फळांच्या पिशवीबरोबर पुठ्ठा घेऊन गेलो. रेहाना वैतागली, "काका, आजारी माणसाकडे तेलाचा पुठ्ठा आणतात काय?" आतून आवाज आला, "रेहाना, चष्मा दे गो." त्यांनी डागावर बोट फिरवलं, बोटाला बोट घासलं, वास घेतला. "स्टेअरिंगचा हाय. पाइप बदलून घ्या, नायतर घाटात हात दुखतील." पुठ्ठा परत देताना माझा हात त्यांनी जरा जास्त वेळ धरून ठेवला. "आनि काय सांगायचा हाय?"

त्याहून स्पष्ट समन्स मला आयुष्यात आलेलं नाही. मी म्हणालो, "काही नाही. तब्येतीला जपा."

"बरा," ते म्हणाले.

गेल्या आठवड्यात रेहाना शेड आवरत होती. मदतीला म्हणून गेलो आणि कामापेक्षा लुडबुडच जास्त केली. मागच्या फळीवर वर्तमानपत्रांतल्या पुड्या होत्या, ज्यांचे मालक त्या न्यायला आले नव्हते अशा. रेहाना नावं वाचून एकेकाला फोन लावत होती. मी एका स्टुलावर बसलो होतो. समोर माझी गाडी उभी राहायची तिथे सिमेंटवर एक जुना काळा डाग होता. त्याच्याकडे बघता बघता तोंडातून निघून गेलं, "रेहाना, पुराच्या वेळी मी चावी लावली होती. अब्बांना खोटं सांगितलं. आतलं जे मोडलं ते माझ्यामुळे मोडलं... ते काय होतं, हेही मी कधी विचारलं नाही."

रेहानाने फोन खाली ठेवला. दुसरं स्टूल ओढलं, त्यावर चढून अगदी वरच्या फळीच्या कोपऱ्यात हात घातला आणि एक जड पुडी काढून माझ्या मांडीवर ठेवली. आत कनेक्टिंग रॉड होता, पिस्टनला जोडलेला लोखंडी दांडा, मध्येच वाकलेला. पाण्यावर इंजिन फिरवलं तरच तो असा वाकतो, हे आता मलाही कळतं. तेल लावून, पुसून ठेवला होता, गंजाचा ठिपका नाही. वर कासमभाईंच्या अक्षरात चिठ्ठी होती: 'वकीलसाहेब. पूर. मागतील तेव्हा देणे.'

"मी मघाशी हीच पुडी द्यायला निघाले होते," रेहाना म्हणाली. "मग आठवलं. अब्बा म्हणायचे, त्यांना आपणहून देऊ नको गो, लाजतील. ते मागतील." मग ती हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. मीही तेच केलं, उलट क्रमाने.

तो दांडा मी माळ्यावरच्या खोक्यात टाकला नाही. ऑफिसातल्या टेबलावर, कागदपत्रांवर वजन म्हणून ठेवला आहे. परवा एक अशील आला होता, शेजाऱ्याच्या बांधाचं प्रकरण. छातीवर हात ठेवून म्हणाला, "साहेब, शपथ घेतो, बांधाला हात नाय लावला." पूर्वी मी त्याला तीस वर्षांचं ते भाषण ऐकवलं असतं. यावेळी दांडा जरा माझ्याकडे सरकवला, म्हणालो, "बरं. मग बघू," आणि गप्प बसलो. कासमभाई चार वर्षं बसले होते. मला पाच मिनिटं तरी बसता यायला हवं.