कोळशाच्या गावाची गाला शाखा

तमाम मराठी वाचकांना, विशेषतः मस्कतमध्ये उमेदीची वर्षं घालवून आता ठाण्या-पुण्यात स्थिरावलेल्या सर्व ज्येष्ठांना, अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गाला औद्योगिक वसाहतीतल्या एका गॅरेजमध्ये वेल्स देशाच्या पद्धतीचा पुरुष गायनवृंद स्थापन झाला होता. कुठल्याही वर्तमानपत्रानं त्याची दखल घेतली नाही. इतिहासानंही घेतली नाही. त्यामुळे ती जबाबदारी माझ्यावर येऊन पडली आहे आणि ती मी जड अंतःकरणानं, म्हणजे खरं तर हसू दाबत, पार पाडतो आहे.

आमचं गॅरेज ट्रक आणि क्रेन दुरुस्त करायचं. मी तिथे खरेदी बघायचो. मालक ओमानी, त्याला सगळे अर्बाब म्हणायचे. आणि वर्कशॉपचा मॅनेजर होता एक वेल्श माणूस; पन्नाशीचा, बुटका, उन्हानं टोमॅटोसारखा झालेला. कोळशाच्या खाणीच्या गावात जन्मलेला आणि खाणीतच यंत्रं दुरुस्त करायला शिकलेला.

या माणसानं आल्या आल्या आमची नावं बंद करून टाकली. त्याच्या गावात म्हणे आडनावं इनमीन चार. गल्लीत उभं राहून एखाद्याला आडनावानं हाक मारली की निम्मी गल्ली ओ द्यायची. त्यामुळे तिथे प्रत्येकाला त्याच्या धंद्यावरून ओळखत: अमका दूध, तमका पाव, आणि जो प्रेतं पुरायचा तो अमका शवपेटी. तोच कायदा त्यानं गाल्यात आणला. मी झालो 'खरेदी'. वसईचा एक ख्रिस्ती गडी फवारणीनं गाड्या रंगवायचा, तो 'पेंटर'. रत्नागिरीकडचा एक मुसलमान भाई सुट्या भागांचं कोठार सांभाळायचा, तो 'स्टोअर'. या आठवणींत कोणाचंही नाव येणार नाही, त्याचं श्रेय त्या गावाला.

गावाबद्दल तो चहाच्या वेळी बोलायचा, आणि बोलायला लागला की क्रेन थांबायच्या. डोंगराच्या उतारावर एकमेकींना टेकून उभ्या असलेल्या घरांच्या ओळी. खाली खाण. भोंगा झाला की ओळी रिकाम्या, पुन्हा झाला की काळेकुट्ट चेहरे घरी. त्याच्या आजोबांच्या काळी विस्तवासमोर पत्र्याच्या टबात अंघोळ. आधी बाप, मग थोरला, मग धाकटा, पाणी तेच. बायका रोज सकाळी गुडघ्यांवर बसून उंबरा घासायच्या. जिच्या घरचा उंबरा मळका तिची चर्चा दुपारपर्यंत सगळ्या डोंगरावर. कामगारांनी आपल्या पगारातून पैसे कापून देऊन बांधलेलं सभागृह, त्यात वाचनालय, आणि वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर पुरुषांचा गायनवृंद. दिवसभर जमिनीखाली कोळसा फोडायचा आणि संध्याकाळी वर येऊन चार आवाजांत देवाचं गाणं म्हणायचं.

मी लालबागच्या चाळीत वाढलेला, बाप गिरणीत. मी म्हटलं, "सर, हे तर तुम्ही आमचंच सांगताय. भोंगा तोच, चाळ तीच. फक्त आम्ही कापसानं पांढरे होऊन घरी यायचो."

"आणि गाणं?" त्यानं विचारलं.

"प्रत्येक चाळीत एक भजनी मंडळ."

हे वाक्य मी का बोललो असं पुढे पेंटरनं मला अनेकदा विचारलं.

कारण त्या हिवाळ्याच्या सुरुवातीला एके दिवशी साहेबानं आम्हा तिघांना केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. दार लागलं म्हणजे कोणाची तरी नोकरी गेली. स्टोअरनं डोळे मिटून घेतले.

"माझी आई येतेय," साहेब म्हणाला.

"मुबारक हो, सर!" स्टोअरनं डोळे उघडले.

"गाणं ऐकायला येतेय."

"कोणाचं?" पेंटरनं विचारलं.

"तुमचं."

मग सगळं बाहेर आलं. वर्षभर चाललेल्या संपानंतर खाण बंद पडली होती. माणसं मिळेल तिकडे पांगली, हा इथे आला. वृंदातली माणसं कमी होत होत एक दिवस फक्त पियानो वाजवणारी उरली, आणि ती याची आई. ती दर फोनला विचारायची, "गातोस ना रे?" एकदा तिच्या आवाजात काहीतरी ऐकून हा म्हणाला, "गातो म्हणजे काय, इथे वृंदच काढलाय." म्हातारीनं ते गावभर केलं. आता दुकानात उभ्या राहिलेल्या बायका तिला अडवून विचारायच्या, काय म्हणतेय आपली वाळवंटातली शाखा?

"तिला एवढंच उरलंय," साहेब खिडकीकडे बघत म्हणाला. "खाण गेली. सभागृहात आता गालिच्यांचं दुकान आहे. आपला वृंद मस्कतला जिवंत आहे, हे धरून ती बसलीय."

"पण सर, तो मस्कतला नाहीये," मी म्हटलं.

"म्हणूनच दार लावलंय."

तालीम दुपारच्या सुट्टीत सुरू झाली. मस्कतमध्ये दुपारची सुट्टी ही झोपेसाठी असते आणि ती मोडणं हे फार मोठं पाप आहे, तरी फिटर, वेल्डर, ड्रायव्हर मिळून चांगली पलटण जमली. साहेबानं आमच्या चार रांगा केल्या. सर्वांत उंच आवाजाच्या रांगेत स्टोअर. गावाकडच्या लग्नांत तो गायचा आणि त्याचा आवाज खरोखर सुरेख होता. पेंटर चर्चमध्ये गाणारा, त्यामुळे चार आवाज म्हणजे काय हे त्याला ठाऊक होतं. मला सर्वांत खालच्या आवाजाच्या रांगेत टाकलं, कारण तिथे मी कमीत कमी ऐकू येईन असा साहेबाचा अंदाज होता.

गाणं वेल्श भाषेत. मी ते देवनागरीत लिहून काढलं तेव्हा ते औषधांच्या नावांसारखं दिसायला लागलं. त्यात एक अक्षर असं होतं की जीभ टाळ्याला लावून बाजूनं नुसती हवा सोडायची. पेंटर म्हणाला, "रंगाचं पिस्तूल चोंदल्यावर असाच आवाज येतो." त्याला ते पहिल्या दिवशी जमलं. बाकीच्यांच्या रांगेसमोर उभं राहायचं तर तोंड पुसायला रुमाल लागायचा.

पण खरी आपत्ती वेगळीच होती. साहेबाच्या पद्धतीत एका रांगेनं एक सूर धरायचा, दुसरीनं दुसरा, आणि कोणी कोणाच्या वाटेला जायचं नाही. आमचे संस्कार नेमके उलटे. आमच्याकडे बुवा एकटा गायला लागला की सगळ्यांनी मिळून त्याला उचलून धरायचं. नाहीतर तो काय म्हणेल, आपण मेलोय का? त्यामुळे खालच्या रांगेनं सूर लावला की वरच्या रांगा धावून यायच्या. वरची सुरू झाली की आम्ही वर चढायचो. बघता बघता चारही आवाजांचा एकच आवाज व्हायचा, आणि तो सामान्यतः सर्वांत मोठा.

"त्याला एकटं सोडा!" साहेब ओरडायचा. गाण्यात एक ओळ होती, ती स्टोअरनं एकट्यानं म्हणायची होती.

"एकटं कसं सोडणार, सर?" आमचा एक सातारचा वेल्डर कळवळून म्हणाला. "आपलाच माणूस आहे."

शेवटी साहेबानं जाहीर केलं की त्या ओळीला जो तोंड उघडेल त्याची वार्षिक रजा रद्द. तेव्हा कुठे शांतता झाली.

आई आली. केवढीशी म्हातारी! डोक्यावर निळी टोपी, हातात काळी पर्स आणि नजर अशी की समोरचा आपोआप शर्टाची बटणं तपासायचा. आम्ही तिला अल् घुब्राच्या आमच्या फ्लॅटवर चहाला बोलावलं. दाराशी बायकोनं रांगोळी काढली होती. म्हातारी तिथेच थांबली, वाकून बघितलं आणि मुलाला म्हणाली, "या घरची बाई लवकर उठते." एवढ्यावर आमचं घर परीक्षेत पास झालं.

कांदेपोहे खाताना ती संपाबद्दल बोलली. संपाच्या वर्षी सभागृहात बायकांनी सामुदायिक स्वयंपाकघर चालवलं होतं आणि ही बटाट्यांची प्रमुख होती. मी सांगितलं की आमच्याकडे गिरण्यांचा संप झाला तेव्हा माझ्या आईनं घरात खानावळ चालवली. म्हातारीनं बशी खाली ठेवली. "किती माणसं?" "घरात मावतील तेवढी, आणि न मावणारी जिन्यात." तिनं मान डोलावली आणि माझ्या बायकोचा हात हातात घेऊन बराच वेळ बसली. बायको मला मराठीत म्हणाली, "अहो, या बाईला फसवायचं म्हणजे माझ्या जिवावर येतंय."

"हळू बोल."

"मराठीत बोलतेय मी!"

"चेहरा इंग्लिशमध्ये आहे तुझा."

तेवढ्यात म्हातारीनं मोर्चा माझ्याकडे वळवला. "वृंदात तुमचा आवाज कोणता?"

मला रांगेचं इंग्रजी नाव आठवेना. मी म्हटलं, "मोठा."

"आणि खुर्च्या कोण लावतं?"

हा प्रश्न साहेबानं आम्हाला पढवला नव्हता. "आळीपाळीनं," मी ठोकून दिलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिला आणखी पोहे वाढले.

कार्यक्रम गुरुवारी दुपारी, कारण त्या दिवशी काम अर्धा दिवस. गॅरेजच्या अंगणात खुर्च्या मांडल्या. अर्बाब स्वच्छ पांढऱ्या पायघोळ दिशदाशात आला, बरोबर कहवा आणि हलवा घेऊन. त्याला कार्यक्रम कसला आहे हे कोणी सांगितलं नव्हतं, पण एका आईसाठी आहे एवढं कळल्यावर त्यानं तिच्याशेजारचीच खुर्ची पकडली. आम्ही धुतलेल्या डांगऱ्या घालून चार रांगांत उभे राहिलो. साहेबाच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि हवा तर थंड होती.

पहिलं कडवं, काय सांगू, झालं. पेंटरनं आपली रांग अशी धरून ठेवली की आम्ही बाकीचे त्याच्या आसऱ्यानं आपापल्या जागी राहिलो. म्हातारीचे डोळे मिटलेले. अर्बाबचेही मिटलेले, पण तो दुपारच्या सुट्टीचा परिणाम असावा. दुसरं कडवंही बरं गेलं. साहेब हसायला लागला.

मग आली स्टोअरची एकट्याची ओळ. त्यानं सूर लावला आणि त्याच वेळी त्याची नजर निळ्या टोपीकडे गेली. आवाज थरथरला. थोडा खाली आला. आणखी थरथरला.

आता हे तुम्हीच सांगा, माणूस बुडत असताना रजेचा विचार कोण करतं? मी तोंड उघडलं. माझ्याबरोबर वेल्डरनं उघडलं. मग चारही रांगा त्या ओळीवर तुटून पडल्या आणि आम्ही स्टोअरला असा उचलून धरला की तो गाण्याच्या बाहेर गेला. मागे कोणीतरी टाळी धरली. एका ड्रायव्हरला तेलाचं रिकामं पिंप सापडलं. लय चढत गेली. वेल्स देशातली ती गंभीर प्रार्थना लालबागच्या गल्लीतून गुलाल उधळत निघाली, आणि साहेब हवेत दोन्ही हात धरून असा उभा होता की जणू कोणी त्याच्यावर बंदूक रोखली आहे.

शेवटी आम्हीच दमून थांबलो.

म्हातारी उठली. टोपी काढून तिनं खुर्चीवर ठेवली, पर्स अर्बाबच्या मांडीवर ठेवली आणि चालत पुढे आली. मुलाला कोपरानं बाजूला केलं.

"माझ्या आजीच्या लहानपणी प्रार्थनाघरात निम्म्यांना वाचता येत नव्हतं," ती आम्हाला म्हणाली. "एकानं ओळ सांगायची, बाकीच्यांनी म्हणायची. असंच. आता मी सांगते."

तिनं ओळ सांगितली. पातळ, चिरका, पण सुईसारखा सरळ सूर. आणि हे तर आम्हाला जन्मापासून येत होतं! आम्ही ओळ झेलली. तिनं पुढची दिली, आम्ही झेलली. पिंपवाल्याकडे तिनं नुसतं बघितलं आणि तो हळू वाजवायला लागला. स्टोअरचा आवाज परत आला. खुर्च्यांत बसलेली माझी बायको म्हणायला लागली. मांडीवर पर्स सांभाळत अर्बाबही म्हणायला लागला. अर्थ आमच्यातल्या कोणालाच कळत नव्हता, पण चुकत कोणी नव्हतं.

गाणं संपल्यावर साहेबाला राहवलं नाही. "आई," तो म्हणाला, "एक सांगायचंय. असा काही वृंद नाहीये. तू येणार म्हटल्यावर जमवला. हे सगळे गॅरेजमधले लोक आहेत."

बायको हलव्याची बशी हातात धरून तशीच उभी राहिली. पेंटरनं छातीवर क्रूस काढला. आता काही खरं नाही, असं मला वाटलं.

म्हातारी शांतपणे टोपी घालत होती. "माहीत आहे मला. फोनवरच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"ऐकायला बरं वाटायचं. मला एकटीलाच नाही, सगळ्या गल्लीला."

"पण तुला कळलं कसं?"

"तूच नाही का म्हणालास, दर आठवड्याला तालीम असते आणि सगळेच्या सगळे हजर असतात?" आणि मग इतका वेळ धरून ठेवलेला तिचा आवाज असा सुटला की शेजारच्या टायरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. "अरे गाढवा, खाण चालू होती, सगळे एकाच गल्लीत राहत होते, वृंदाचा प्रमुख तुझा सख्खा बाप होता, तरी कधी जन्मात सगळे तालमीला आले नाहीत, आणि न येणाऱ्यांत पहिला तोच असायचा!"