जावेचा युरिया

हिंगणीजवळच्या आमच्या शेतात मधे धुरा, म्हणजे बांध, आहे. अलीकडची पट्टी माझी, पलीकडची धाकट्या जावेची. वाटणीनंतर दोघींनी गाईंसाठी नेपियर गवत लावलं, बेणंही एकाच ठिकाणचं. तिचं गवत काळपट हिरवं, माणूस दिसू नये एवढं उंच. माझं कमरेएवढं, पिवळट. सासूबाई शेतात आल्या की आधी तिच्याच पट्टीत शिरायच्या.

युरिया मीही टाकत होते, तिच्यापेक्षा जास्तच. गवत कापलं की त्याच दुपारी, भर उन्हात, कोरड्या जमिनीवर. पाणी लाइट येईल तेव्हा. ढेकळांवर पांढरे दाणे पडून राहायचे, नाकाला झोंबणारा वास सुटायचा. खत काम करतंय, असं मला वाटायचं. वाटणीत हलकी जमीन माझ्या गळ्यात मारली, हे मात्र मी नवऱ्याला रोज जेवताना ऐकवायचे.

एका सकाळी माझी गाय दावं तोडून जावेच्या पट्टीत शिरली. तिथं कापणीनंतरचे कोवळे फुटवे होते. जाऊ काठी घेऊन धावली आणि तिनं गाईला हाणतच बाहेर काढलं. माझ्या अंगाची आग झाली. चार घासांसाठी मुक्या जनावराला मारतेस, म्हणून मी तिला नाही नाही ते बोलले.

"काल संध्याकाळीच युरिया टाकला, ताई," ती म्हणाली. "मले गवताचं काई नाई. खत पोटात गेलं असतं तं गाय दगावली असती."

गाईला काही झालं नाही. दुपारी मीच मान खाली घालून विचारलं, तू खत टाकतेस तरी कसं? तिचं माहेर कारंज्याकडचं, घरी म्हशी. तिनं हातचं काही न राखता सांगितलं. कापल्याबरोबर टाकायचं नाही, फुटवे येऊ द्यायचे. ऊन उतरल्यावर टाकायचं आणि मागोमाग पाणी सोडायचं. "उन्हात टाकलं का वासासंगं उडूनच जाते. मंग गवत चांगलं वाढेपर्यंत जनावर घालजो नको."

मी तसंच केलं. पुढच्या कापणीला पट्टी भरून आली. सासूबाई आल्या, पात्यांवरून हात फिरवला.

"धाकटीनं शिकवलं म्हणून जमलं," त्या म्हणाल्या.

मी विळा चालवत राहिले. जावेनं ती रीत माझ्यापासून लपवून ठेवली असती, तर तिचा राग तरी करता आला असता.