रस्त्याकडे तोंड केलेल्या चपला

तुम्ही भाऊसाहेबांकडे गेलात, तर बूड टेकायच्या आत तुमच्या चपला रस्त्याकडे तोंड करून ठेवलेल्या असत. निवृत्त ग्रामसेवक माणूस. वाकताना कण्हायचा, पण वाकायचा. वर म्हणायचा, "जपानात असंच करतेत. निघताना पाहुण्याला तकलीफ नको."

आमच्या हिंगोलीत चपला अशा फिरवल्या की पाहुणा समजतो, उठा आता. मी शेजारी, म्हणून मला सवय झाली होती.

थोरली मुलगी आणि जावई तिकडे नोकरीला. त्यांच्याकडे भाऊसाहेब आणि काकू पंधरा दिवस जाऊन आले. त्यातले दोन दिवस डोंगरातल्या एका जुन्या जपानी लॉजमध्ये. त्या दोन दिवसांवर भाऊसाहेबांनी चार वर्षं काढली. गवताच्या चटया, जमिनीवरची गादी, गुडघे टेकून चहा देणारी मालकीण आणि गरम पाण्याचं कुंड. "त्या पाण्यात उतरलं की हाडं लोण्यावानी होतेत," हे सांगताना ते डोळेच मिटून घेत.

एकदा काकूंनी चहा देता देता सांगून टाकलं. "ह्ये कुठं उतरले? समदे कपडे काढावे लागतेत म्हणल्यावर खोलीतच बसले. बादली मागून न्हाले. बायकांच्या कुंडात मी गेले, दोन्ही दिवस."

"जावयापुढं कसं उतरावं?" भाऊसाहेब पुटपुटले. पुढच्या आठवड्यात नव्या पाहुण्याला पुन्हा तेच लोणी.

धाकटीला बघायला सेनगावकडचे लोक आले तेव्हा मात्र हसू आटलं. मुलगा तिला आवडला होता. बोलणी जमत आली. मुलाचे वडील हात धुवायला बाहेर आले, तर सगळ्यांच्या चपला ओळीने रस्त्याकडे तोंड करून.

"असं घालवून द्यायचं व्हतं, तर बोलावलं काहून?"

भाऊसाहेब त्यांना जपान समजावून सांगू लागले. त्याने आणखी भडका उडाला. पोहे तसेच राहिले, सोयरीक मोडली.

धाकटी त्यांच्याशी बोलेनाशी झाली. शहाण्या माणसाने खोड सोडली असती. हे रोज सकाळी तिच्याही सँडल फिरवून ठेवत. ती पायानेच त्या उलट्या करी आणि मग घाली. मला या माणसाचा मनापासून राग यायचा.

यंदा उन्हाळ्यात ते गेले. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो. दारात चपलांचा ढीग होता. काकूंना भेटून थोड्याच वेळात उठलो. बाहेर धाकटी उन्हात वाकून एकेक जोड दाराकडून रस्त्याकडे फिरवत होती. माझा जोड तिच्या हातात होता.

"निघाले का, काका?"

"न्हाई," म्हणालो, आणि परत आत जाऊन बसलो.