जावईबापूंची तीन बोलावणी

ये गं, जवळ बस. अमेरिकेतून जेवढं जवळ बसता येतं तेवढं बस आणि हे नीट वाच. फोनवर मी विषय काढला की तू ‘बघू आजी’ म्हणून टाळतेस. जावईबापूंच्या खेळाचा सीझन संपला, आता कसलं बघू? कधी तिकीट मिळत नाही, कधी म्हणे लंडनला, त्यात आपल्या हॅरोला, थंडी फार. इथेच लहानाची मोठी झालीस, शाळेच्या स्कर्टमध्ये उघड्या गुडघ्यांनी बर्फात खेळायचीस, आणि मलाच थंडी सांगतेस?

खरं कारण मला ठाऊक आहे. नातजावयांना इथे यायची लाज वाटतेय, आणि ती माझ्या पेढ्यांमुळे.

तेव्हा माझी बाजू ऐक. तुझा नवरा, म्हणजे आमचे मँचेस्टरचे जावईबापू, पहिल्यांदा आपल्याकडे आले तेव्हा दारातून वाकून आत आले होते, आणि ‘नको’ म्हणायला मराठी येत नव्हतं म्हणून थालीपिठं खातच राहिले. रग्बी खेळायचे. मग अमेरिकन फुटबॉलवाल्यांनी नेलं. मला वाटलं, नेलं म्हणजे टीममध्ये घेतलं. तू म्हणालीस, नाही, प्रॅक्टिस स्क्वाडमध्ये. म्हणजे आठवडाभर सगळ्यांबरोबर घाम गाळायचा, रविवारी जी टीम समोर येणार तिचं सोंग घेऊन आपल्याच माणसांच्या धडका खायच्या, आणि रविवारी बाकीच्यांनी जर्सी घातली की आपण साध्या कपड्यांत बाजूला उभं राहायचं. मला तर ऐकूनच वाईट वाटलं होतं.

मग नवरात्रात एका शनिवारी तुझा फोन आला. कोणाचा तरी घोटा दुखावलाय, यांना कॉल-अप आलाय, उद्या खेळणार. अगं, आपल्यात नोकरीचा कॉल आला म्हणजे आला. पुढे काही विचारायचं सुचलंच नाही. मिल्क पावडर, कंडेन्स्ड मिल्क, केशर, सगळं काढलं आणि पेढे वळायला बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी इथल्या मराठी मंडळाचा भोंडला होता. गाणी झाली, खिरापत ओळखायची वेळ आली. माझा डबा कोणालाच ओळखता येईना. शेवटी मीच झाकण उघडलं आणि सांगून टाकलं, नातजावई टीममध्ये कायम झाले. सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी निम्म्या बायका आपल्या बैठकीत मॅच बघायला. खेळ एकीलाही कळत नव्हता, पण जावई दिसले की सगळ्या पुढे सरकून बसायच्या.

सोमवारी मी अभिनंदनाला फोन केला, तर जावईबापू म्हणतात, मी परत प्रॅक्टिसमध्ये. मला वाटलं, त्यांच्या हातून काही चुकलं का काय. मग तू समजावून सांगितलंस की नियमच तसा आहे, त्या मॅचपुरतं वर घेतात, मॅच झाली की आपोआप खाली. सबंध सीझनमध्ये एका माणसाला असं तीनदाच बोलावता येतं. त्याउपर हवा असेल तर मुख्य टीममध्ये रीतसर घ्यायचं, आणि तिथल्या जागा ठरलेल्या, म्हणून कोणाला तरी हलवून जागा करायची.

तुझे आजोबा पेपरामागून म्हणाले, “अगं, लोकम आहेत ते.”

बघ, एका शब्दात. इथे आलो तेव्हा तेही लोकमच करायचे. कुठल्याशा हॉस्पिटलचा डॉक्टर रजेवर गेला की बोलावणं यायचं, आणि तो परत आला की हे घरी. बॅग कायम पॅसेजमध्ये भरलेली. तिच्यात इस्त्रीचे शर्ट मीच भरायचे, आणि मलाच हे कळू नये!

मंडळात मात्र चेष्टा सुरू झाली. कोपऱ्यावरची माझी मैत्रीण तर सगळ्यांसमोर विचारते, पेढे आता परत करायचे का? मी म्हटलं, तू दोनदा घेतलेस, तुझ्यापासून सुरुवात करू.

दुसरं बोलावणं आलं, गेलं. तिसऱ्याला जावईबापूंनी पळत्या माणसाला असं काही आडवं केलं की आजोबा खुर्चीतून उठले. त्या घोटेवाल्याचा घोटा अजून बरा नव्हता. म्हणजे आता एक तर यांना कायम घ्यायचं, नाहीतर यांच्याविना भागवायचं. मी मिल्क पावडर आणून ठेवली होती, तुला सांगितलं नाही. मंगळवारी टीमवाल्यांनी त्या जागेवर बाहेरून एक अनुभवी माणूस आणला.

फोन जावईबापूंनी स्वतः केला, तुझ्याकडून शिकलेल्या मोडक्या मराठीत. “आजी, सॉरी. पेढे वेस्ट झाले.”

जावयाला अहो-जाहो करायची माझी शिस्त, पण त्या क्षणी ती कुठे राहणार. “पेढे कधी वेस्ट होतात का रे, वेड्या? त्याच दिवशी संपले ते.”

हसला तो. पण नाक ओढल्याचं मला ऐकू आलं, आणि तेव्हापासून तुम्ही दोघं हॅरोचं नाव काढत नाही.

आता मंडळात काय चाललंय ते सांगते. ज्या मैत्रिणीने पेढे परत मागायची गोष्ट काढली, तीच आता मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीत शेजारी बसेल त्याला तीन बोलावण्यांचा नियम समजावते. तिला आपले जावईबापू प्रत्यक्ष बघायचेत. एवढी धडक खाऊन माणूस उठतो कसा, ते त्यांच्याच तोंडून ऐकायचंय. कायम झाले का, असं कोणी विचारत नाही. विचारलंच तर मी आहे.

उन्हाळ्यात टीम पुन्हा बोलावेल की नाही, ते तिकडच्यांना ठरवू दे. फोन हॅरोतही लागतो. आणि माझं बोलावणं काही एका रविवारचं नाही, सोमवारी मी कोणाला परत पाठवत नाही. मागच्या वेळी पॅसेजमधला दिवा त्याच्या कपाळाला लागला होता ना, आजोबांनी माणूस बोलावून तो वर सरकवून घेतलाय. मिल्क पावडरही तशीच आहे. लवकर या गं दोघं.