मरळीसाठी दिलेला शब्द

माझा थोरला भाऊ अण्णा गेल्याचा निरोप सांगलीला आला, तेव्हा मी पानं वाढत होते. ताटं तशीच टाकून रहिमतपूरची गाडी धरली. वाटभर रडले. आज महिन्याभरानं लिहायला बसले आहे, ती मात्र रागानं.

मरळ मासा म्हणजे अण्णाचा जीव की प्राण, पण माळकरी भूतदया नव्हे ती. गावच्या तळ्यात बेडूक लावून गळ टाकायचा, हातभर मरळ ओढून काढायचा आणि रस्सा स्वतः करायचा, इतका तिखट की आमच्या नाकातून पाणी. मात्र पाण्यावर मरळीच्या लाल पिल्लांचा घोळका दिसला, की गळ थेट खुंटीवर. पिल्लं सुटी होईपर्यंत मरळ त्यांच्याखाली पहारा देते. तेवढे दिवस गावात कुणीच गळ टाकत नसे. मी एकदा चिडवलं, "दुसऱ्याची पोरं गिळती, तिचं कसलं कवतिक रं अण्णा?"

"गिळती की! पण सोत्ताची राखती. आपल्या सरपंचाला तेवढंबी जमंना."

सरपंचाला तळ्यात विक्रीच्या कटला माशाचं बीज सोडायचं होतं, आणि ते खाणारी मरळ आधी संपवायची होती. "पिल्लं सुटी होऊ दे, मग काय करायचं ते कर," एवढंच अण्णाचं म्हणणं. ते भांडण अर्धवट टाकून तो गेला...

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. अण्णाच्या मुलानं आईला सांभाळीन म्हटलं, शेत विकणार नाही म्हटलं. कावळा फांदीवरून हलेना. शेवटी सरपंचच पुढे आला आणि हात जोडून म्हणाला, "अण्णा, पिल्लं सुटी होईस्तवर तळ्याला हात लावणार न्हाई." कावळा शिवला. मला भरून आलं. वाटलं, माणूस काही वाईट नाही.

आठवडा उलटायच्या आत विहिरीसाठी आणलेले सुरुंग तळ्यात फुटले! पिल्लं सोडून मरळ हलली नसणार, म्हणून तर आयती सापडली. जित्या माणसाला फसवणारे पुष्कळ पाहिले, पण मेलेल्याला, तेही त्याच्या शेवटच्या घासापाशी? वर निर्लज्जपणा असा, की त्याच दुपारी सरपंचाचा गडी पानात गुंडाळलेली मरळ घेऊन दारात उभा.

"सरपंचांनी धाडलीया. अण्णांचा वाटा हाय."

मी ती तशीच त्याच्या हातात परत दिली. "त्येला म्हणावं, कावळ्याला घाल. शब्द त्येच्याम्होरंच दिलता."

अण्णाचा गळ अजून माजघरातल्या खुंटीवर आहे. जाण्याआधी पिल्लं दिसली, तेव्हा त्यानंच टांगलेला. वहिनी रोज त्याच्यावरची धूळ पुसते, पण खाली काढत नाही. तो पिल्लं सुटी झाल्यावर काढायचा असतो.