खालांचं इन्शाल्ला
२००८च्या डिसेंबरात, मंदी येताच, शारजात घरकाम करणाऱ्या बायकांना एका इस्लामी बँकेने खातं नाकारलं. तेही गोड बोलून: "इन्शाल्ला, नंतर या."

आमच्या शेजारी राहणाऱ्या, मूळच्या रत्नागिरीच्या खाला त्यांतल्याच. पण त्या स्वतः इन्शाल्ला म्हणतात, तेव्हा कामाला निघायला पायात चप्पल चढलेली असते. त्या काउंटरसमोरून हलल्याच नाहीत.

"बेटा, इन्शाल्ला काम करनेवाला बोलता है, टालनेवाला नहीं. हाँ या ना बोल!"

"खाला, सॅलरी कम है."

"बाहर लिखा है ब्याज हराम. गरीब भी हराम है क्या?"

रांग हसली. कारकुनाने खातं उघडलं, मग मागच्या बायकांचीही. अशा बाईच्या शेजारी आम्ही राहतो!

तुम्हाला कुणी इन्शाल्ला म्हणून टाळलं, तर उठू नका. हो की नाही, तिथेच वदवून घ्या.